कंदील, मेंढी, चमचा

ती पहिल्यांदा मेंदू घरी घेऊन आली, तेव्हा समोरच्या काकूंनी जिन्यातच तिच्या पिशवीत डोकावून विचारलं, "एवढा मोठा फ्लॉवर कुठे मिळाला गं?"

"फ्लॉवर नाही काकू, मेंदू आहे."

"अगं बाई! कुणाचा?"

"प्लास्टिकचा. कॉलेजचा आहे, परत द्यायचाय."

"मग असू दे. मला वाटलं, कुणाचा तरी सांडलेला सापडला. आमच्या ह्यांचा बरेच दिवस मिळत नाहीये."

तेव्हापासून इमारतीत तिचं नाव मेंदूवाली पडलं. बारावीनंतर तिनं मानसशास्त्र घेतलं होतं आणि त्याच्या जोडीला बोधनिक मेंदूविज्ञान, म्हणजे आपण पाहतो, ऐकतो, लक्षात ठेवतो, विसरतो तेव्हा डोक्याच्या आत काय घडतं, त्याचा अभ्यास. घरातल्यांना हे समजावून सांगताना तिची दमछाक व्हायची. मावशीनं सरळ विचारलं, "म्हणजे वेड्यांची डॉक्टर ना? घे बाई, आपल्या घराण्यात गिऱ्हाइकांना तोटा नाही." मावशीचे यजमान प्रत्येक भेटीत डोळे मिटून म्हणायचे, "सांग बघू, आत्ता माझ्या मनात काय चाललंय?" ती म्हणायची, "काका, जेवायला कधी वाढणार, हे." ते खरंच निघायचं.

तिनं हे शिकायला घेतलं ते पुढे काही व्हायचं होतं म्हणून नव्हे. वडील ती शाळेत असतानाच गेले. ते गेल्यावर बरेच दिवस जिन्यात बूट वाजले की तिचे कान टवकारायचे, आणि मग तिला स्वतःचाच राग यायचा. आपल्याला माहीत असतं, तरी कान वाट का पाहतात? हा प्रश्न तिनं कुणाला विचारला नव्हता. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात सवयीवरचा धडा वाचताना तो प्रश्न अगदी साध्या भाषेत तिच्यासमोर आला, आणि तिला वाटलं, आपण बरोबर दारात आलो आहोत.

तिची आई एका मोठ्या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर होती. तळमजल्यावरची खिडकी नसलेली खोली, समोर खुंट्या आणि दिव्यांचा बोर्ड, कानावर हेडफोन. इतकी वर्षं तो पट्टा डोक्यावर बसला की केसांत भांगाला आडवी अशी एक खोलगट रेघ पडली होती, ती न्हाऊनही जायची नाही. कुठल्या खात्याचा कोणता नंबर, कोणता साहेब जेवायला कधी उठतो, कोणाचा आवाज चढला की बायकोचा फोन आहे, हे सगळं तिच्या डोक्यात असायचं. पुढे आपोआप जोडणारं यंत्र आलं आणि तिला कारखान्याच्याच टपाल विभागात बसवलं. तिथे ती रमली नाही. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन घरी आली.

पण नोकरीतला एक नियम तिनं घरात आणला. समोरच्याला ताटकळत ठेवायचं नाही. "रिंग नुसती वाजत ठेवायची नाही," ती म्हणायची. "साहेब जागेवर नसेल तर नाही म्हणून सांगायचं. वेळ लागणार असेल तर मधून मधून म्हणायचं, थांबा हं, जोडतेय. माणूस नकार सोसतो गं, पण पलीकडे कुणीच नाही हे त्याला सोसत नाही." मेंदूवालीला लहानपणी गोळी कडू लागेल का, इंजेक्शन दुखेल का, याची खरी उत्तरं मिळाली. वडील वाचणार नाहीत, हेही आईनंच तिला दवाखान्याच्या पायरीवर बसवून सांगितलं होतं.

तो प्लास्टिकचा मेंदू दोघींनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला. त्याचे भाग सुटे होत. कान येतो त्या बाजूला, आत खोलवर, समुद्रघोड्यासारखा वळलेला एक लहान तुकडा होता. मेंदूवालीनं तो काढून आईच्या तळहातावर ठेवला.

"नवीन काही लक्षात ठेवायचं असलं की ते इथून जातं."

"म्हणजे हे एक्स्चेंज."

"तसंच समज."

"आणि इथली ऑपरेटर रजेवर गेली तर?"

"जुने जोडलेले फोन चालू राहतात. नवीन लागत नाहीत."

"हं," आई म्हणाली, आणि तो तुकडा तिनं साडीच्या पदरानं पुसून जागेवर बसवला. उलटा बसवला. मग दोघींनी मिळून सरळ केला.

मानसशास्त्राच्या प्रात्यक्षिकाला माणूस लागतो. ज्याच्यावर चाचणी घ्यायची त्याला प्रयुक्त म्हणतात. दर वेळी नवा प्रयुक्त आणावा असा नियम होता, पण बहुतेक मुलं दर वेळी घरातलंच कुणीतरी धरून बसवत. मेंदूवालीकडे धरून बसवायला एकच माणूस होतं. आईला हे फार आवडायचं. साडी बदलून, केस नीट करून ती टेबलाशी येऊन बसायची, जणू कारखान्यातली पाळी सुरू व्हायची आहे.

"आज मी कोण?"

"आज कागदावर तू कॉलेजातली मुलगी आहेस. वय वीस."

"अरे वा! मग जरा लाली लावून येऊ का?"

हिरव्या शाईत छापलेला 'लाल' शब्द वाचायचा नाही, रंग सांगायचा, अशी एक चाचणी होती. तिथे आई अडखळायची आणि स्वतःवरच चिडायची. आकडे मात्र कितीही लांब ओळीत सांगा, ती सरळ म्हणायची, उलटही म्हणायची. पण त्यांची खरी चाचणी होती शब्दांची. एकमेकांशी संबंध नसलेले शब्द एका लयीत वाचून दाखवायचे. आवाज चढवायचा नाही, उतरवायचा नाही, भुवयासुद्धा हलवायच्या नाहीत. समोरच्यानं आठवतील तेवढे सांगायचे. मग इतर काहीतरी करायचं आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायचं. कंदील, मेंढी, चमचा, पूल, खिळा, धुकं, शेजारी, गालिचा. पुढे आणखी होते. विभागाच्या मॅडमनी कधीकाळी खूप मेहनत करून ही चाचणी आपल्या भाषेत बेतली होती, आणि दुसरी कुठली नव्हतीच.

मेंदूवालीचं वाचन काही केल्या सपाट होईना. "मेंढी" म्हणताना तिला हसू फुटायचं. मग दोघींनी सराव लावला. रोज संध्याकाळी, भाजी निवडून झाली की. परीक्षा जवळ आली की जास्तच. आईला ते शब्द असे बसले की भांडी घासताना ती ते एका चालीवर म्हणत राहायची.

"आई, पाठ करायचं नसतं."

"मी कुठे पाठ केलं? ते आपले आपणच येऊन बसले. आता हाकलू का त्यांना?"

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत मेंदूवालीचं वाचन सगळ्यांत चांगलं झालं. मॅडम म्हणाल्या, "एवढा सराव कुणावर केलास?" ती नुसतीच हसली.

दुसरं वर्ष संपताना आईचं काहीतरी बदललं. तोच प्रश्न ती पुन्हा विचारू लागली. मावशीचा फोन येऊन गेला, हे ती सांगायची, आणि ताट वाढताना परत सांगायची, त्याच हसण्यासकट. शेजारी नवीन बिऱ्हाड आलं होतं, त्या बाईशी ती रोज नव्यानं ओळख करून घेत होती. ती बाई आधी हसली, मग गोंधळली, मग दार लोटून घेऊ लागली.

मावशी म्हणाली, "वय झालं की होतं. मी परवा चष्मा लावून चष्मा शोधत होते."

मेंदूवालीला फरक कळत होता. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं वेगळं. पण आईला काही सांगितलं की ते तिच्यापर्यंत पोहोचायचं, तिचे डोळे समजून घ्यायचे, आणि मग ते कुठेच ठेवलं जायचं नाही. तिनं त्याबद्दल पुस्तकात वाचलं होतं. वाचताना तो धडा तिला फार सुंदर वाटला होता, आणि आता त्याची लाज वाटत होती.

आईला स्वतःलाही कळत होतं. एकदा वाळलेले कपडे घड्या घालताना ती म्हणाली, "ऑपरेटर रजेवर निघालेली दिसते."

"काहीतरीच काय!"

"ऐक. तपासायला जाऊ. पण जे काय निघेल ते आधी मला सांगायचं. मावशीला नाही, काकूला नाही. मला. मला कळतंय तोवर सांग. मला काही ठरवायचंय, कुणाशी दोन शब्द बोलायचेत. तुझ्याशीही बोलायचंय. रिंग वाजत ठेवायची नाही. कबूल?"

"कबूल," मेंदूवाली म्हणाली. तिच्या हातात आईचीच ओढणीसारखी मऊ झालेली जुनी साडी होती. तिची घडी तिनं पुन्हा उलगडून घातली.

इस्पितळात स्मृतीची तपासणी करणारा विभाग दुसऱ्या मजल्यावर होता. आत नातेवाइकांना सोडत नसत. मेंदूवाली बाहेरच्या बाकावर बसली. मधली भिंत प्लायवुडची होती. आत तपासणीस बाईंनी आईला नाव विचारलं, वार विचारला. वार चुकला. मग त्यांनी विचारलं, "अशी तपासणी आधी कधी झालीय का?"

"दवाखान्यात? छे. कधीच नाही," आई म्हणाली. ते खरंच होतं.

मग तो सपाट, बिनचढउताराचा आवाज आला. "कंदील. मेंढी. चमचा."

मेंदूवाली बाकावरून उठली. दार दोन पावलांवर होतं. नुसती टिचकी मारून सांगायचं होतं, बाई, हे शब्द तिला येतात, दुसरे घ्या. याच गोष्टीला सरावाचा परिणाम म्हणतात आणि त्यावरचा प्रश्न तिनं पूर्ण गुण मिळवून सोडवला होता. ती दारापाशी गेली. आत आई म्हणत होती, "...पूल, खिळा, धुकं, शेजारी, गालिचा," त्याच चालीवर, भांडी घासतानाच्या. आणि तपासणीस बाई म्हणाल्या, "वा! छान."

तिचा हात खाली आला.

डॉक्टरांनी कागद पाहिला. वार चुकला, पण शब्द उत्तम, आकडे तर फारच उत्तम. निवृत्तीनंतर असं मन थोडं सैल पडतं, म्हणाले. झोप घ्या, माणसांत मिसळा, वर्षभरानं या. आई बाहेर आली ती शाळेतून निकाल घेऊन येणाऱ्या मुलीसारखी. "सगळे सांगितले मी!" जिन्यात तिनं मेंदूवालीचा हात घट्ट धरला. "घाबरले होते गं. तुला सांगितलं नाही, एवढंच."

हात असा धरलेला असताना सांगायचं कसं? मेंदूवालीनं ठरवलं, उद्या सांगू. आणि मग तिलाच वाटायला लागलं, कोण जाणे, खरंच नसेल काही. एवढे शब्द पाठ राहतात म्हणजे काहीतरी शाबूत असेलच की. तिला माहीत होतं की हे खोटं आहे. तिला हेही माहीत होतं की हवं ते खरं मानायला मेंदू किती तत्पर असतो. त्यावरही एक धडा होता. उद्याचा परवा झाला, परवाचा महिना.

त्या निकालानं आई धीट झाली. काही चुकलं की म्हणायची, "डॉक्टरांनी छान म्हटलंय मला." मावशीकडे एकटी जाऊ लागली, बाजारात जाऊ लागली. मेंदूवाली वर्गात बसून तोंडानं उत्तरं द्यायची आणि बाकाखाली फोन धरून ठेवायची.

तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर एका दुपारी तो फोन आला, मावशीचा. मावशीकडे निघालेली आई कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभी होती. पहारेकऱ्याला सांगत होती, पाळी सुरू झालीय, बोर्डावर कुणी नाही, लोक ताटकळले असतील. पहारेकरी नवा होता. कँटीनवाल्यानं तिला ओळखलं, आत बसवलं आणि मावशीचा नंबर शोधून काढला.

मेंदूवाली पोहोचली तेव्हा आई बाकावर बसली होती. एका पायात तिची चप्पल होती, दुसऱ्यात मेंदूवालीची.

"ऑपरेटरबाई म्हणजे आमच्या कारखान्याचा आवाज होता," कँटीनवाला म्हणाला. "अजून तसाच आहे आवाज. फक्त..." त्यानं खाली तिच्या चपलांकडे पाहिलं.

घरी आल्यावर मावशी कडाडली. "एवढं शिकतेस ना मेंदूचं? मग ही अशी कशी झाली आणि तुला दिसलं कसं नाही?"

"दिसलं होतं," मेंदूवाली म्हणाली.

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. उठून भात टाकला.

दुसऱ्या दिवशी मेंदूवाली मॅडमच्या खोलीत गेली आणि सगळं सांगितलं. वीस वर्षांची मुलगी, चाळिशीची शिक्षिका, सगळे प्रयुक्त आईच होती, हेही. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"एक लक्षात ठेव," त्या म्हणाल्या. "तेव्हा कळलं असतं तरी हे थांबलं नसतं. औषधानं थोडाफार फरक. तो बोजा घेऊ नकोस."

"औषधाचं नाही, मॅडम. तिनं मला सांगायला सांगितलं होतं. तिला कळत होतं तोवर."

मॅडमनी नवे शब्द जुळवले आणि स्वतः इस्पितळात आल्या. तोच बाक, तीच प्लायवुडची भिंत. "दोरी. आरसा. वाळू," मॅडमचा आवाज आला. पुढे आणखी शब्द, सगळे अनोळखी. मग आई, खुर्चीत ताठ बसल्यावर यायचा तसा स्वच्छ आवाज: "कंदील. मेंढी. चमचा. पूल."

"हे नाही, ताई. मी आत्ता जे सांगितले ते."

"हो हो. सांगते ना. कंदील..."

निदान झालं. इस्पितळाच्या आवारात एका झाडाखाली कठडा होता. मेंदूवालीनं आईला तिथे बसवलं, वडिलांच्या वेळी आईनं तिला बसवलं होतं तसं, आणि सांगितलं. काही लपवलं नाही. आजाराचं नाव, पुढे काय काय जाईल, कोणत्या क्रमानं जाईल. आईनं सगळं ऐकलं. तिचे डोळे भरले, पण ती मोडली नाही. तिनं विचारलं, "तुझी परीक्षा?" मग विचारलं, "तुला ओळखेन ना?" मेंदूवालीनं म्हटलं, "बराच काळ."

आईनं तिच्या गालावरून हात फिरवला. "बरं केलंस सांगितलंस. रिंग वाजत ठेवली नाहीस."

मेंदूवाली तेव्हा कठड्याचा दगड दोन्ही हातांनी धरून बसली होती.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. दोन थांबे गेले असतील. आई वळून म्हणाली, "काय म्हणाले गं डॉक्टर? काही बोलली नाहीस."

तिनं पुन्हा सांगितलं, हळू आवाजात, पुढच्या बाकावरच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. आईला पुन्हा पहिल्यांदाच कळलं. पुन्हा डोळे भरले, पुन्हा तिनं परीक्षेचं विचारलं. या वेळी ती जरा जास्त रडली. शेजारच्या बाईनं पाण्याची बाटली पुढे केली.

घराच्या जिन्यात काकू भेटल्या. "काय झालं?" त्यांनी डोळ्यांनी विचारलं. मेंदूवालीनं मान हलवली. कुलूप उघडताना आई मागून म्हणाली, "अगं, डॉक्टर काय म्हणाले ते सांग ना. आधी मला सांगायचं ठरलंय आपलं."

मेंदूवाली कुलपाकडे बघत उभी राहिली. किल्ली फिरवली. मग वळली आणि हसली.

"सगळे शब्द सांगितलेस म्हणाले. छान म्हणाले."

"बघ!" आई म्हणाली. "उगाच घाबरले होते मी." आणि चपला काढून आत गेली.

मेंदूवाली पास झाली. आता त्याच इस्पितळात, त्याच दुसऱ्या मजल्यावर ती मदतनीस आहे. आत आलेल्या प्रत्येकाला बसवण्याआधी ती त्याच्या माणसांना बाजूला घेऊन विचारते की घरी कुणी यांच्यावर या चाचणीचा सराव केलाय का. लोक चमकतात. हा कसला प्रश्न? ती थांबते, उत्तर मिळेपर्यंत थांबते. तिचा वाचनाचा आवाज अतिशय सपाट आहे, अजूनही.

दिवसभर मावशी आईपाशी असते. "आली बाई तुझी मेंदूवाली," ती दार उघडताना म्हणते. आई मान डोलवते, पाहुणीकडे पाहून डोलवावी तशी. अलीकडे ती फारशी बोलत नाही. संध्याकाळी मेंदूवाली तिचे केस विंचरते. ती आडवी रेघ अजून आहे. फणी तिथे आली की किंचित खाली जाते.

"कंदील," मेंदूवाली म्हणते.

"मेंढी," आई म्हणते. कधी पुढचंही म्हणते, कधी नाही. चाल मात्र तीच.

काल "कंदील" म्हटल्यावर काहीच आलं नाही. आई खिडकीबाहेर बघत राहिली. मेंदूवालीनं पुन्हा म्हटलं. मावशी चहाचा कप घेऊन दारातच थांबली.

बऱ्याच वेळानं आई वळली. अनोळखी माणसाशी बोलायच्या तिच्या त्या जुन्या, स्वच्छ, अदबीच्या आवाजात म्हणाली, "थांबा हं. जोडतेय."

"हो," मेंदूवाली म्हणाली आणि फणी हातात धरून थांबून राहिली.